साबुदाणा नसलेला उपास

फाल्गुनाच्या आगंमागं आमच्या गावातली निम्मी माणसं उपाशी असतात आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. महाशिवरात्रीला घरोघर रताळी शिजतात. हमीदभाईंच्या घरी रोजे लागतात. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कृपाताई ख्रिस्ती. त्यांचा ईस्टरपर्यंतचा उपासकाळही त्याच सुमाराला सुरू होतो. अलीकडची काही वर्षं हे सगळे उपास अगदी एकमेकांच्या अंगावर पडायलेत. शिवारात ज्वारीची काढणी चाललेली, झाडाखाली बाया चिंचा फोडत बसलेल्या, हवेला वाळल्या कडब्याचा वास, आणि परीक्षेची पोरं पुस्तक तोंडावर धरून ओट्यावर झोपलेली. हा वास नाकात शिरला की मला खिचडी आठवते, आणि खिचडी आठवली की माझं डोकं तापतं. यंदाही तापलंय. म्हणून लिहायला बसले.

मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला चिकटून आमचं गाव. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि दाराशी टांगलेला फळा. त्या फळ्यावर पूर्वी सुविचार लिहायचे. मी आले आणि ते बंद केलं. सुविचार वाचून कुणी सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही. त्याऐवजी मी दर आठवड्याला एका पुस्तकाचं नाव लिहिते आणि खाली एक-दोन ओळी, हे का वाचावं म्हणून. विहीर पुनर्भरणाचं, शेळीपालनाचं, स्पर्धा परीक्षेचं, कथा, कादंबऱ्या, काहीही. कधी कुणी हूं की चूं केलं नाही. एका पुस्तकाला मात्र गाव पेटलं. तेच पुस्तक मी इथं पुन्हा सांगणार आहे. ज्याला राग यायचा त्याला खुशाल येऊ द्या.

नाव आहे 'शेजारघरची प्रार्थना'. ख्रिस्ती श्रद्धेची साधी, सोपी ओळख. पण पुस्तकाच्या आधी साबुदाण्याचं सांगायला हवं.

कृपाताई आमच्या उपकेंद्रातल्या नर्स. गाव त्यांना शिष्टरबाई म्हणतं. गावातली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती, आणि बोलणं माझ्यापेक्षा ठसक्यातलं मराठवाडी. नवरा गेलेला, मुलगी पुण्याला. राहतात नानांच्या घरात, भाड्यानं. नाना म्हणजे गावचे पुढारी, मोठे बागायतदार, कृपाताईंचे घरमालक आणि आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. एकच माणूस आहे तो, फक्त खुर्च्या जास्त आहेत.

कृपाताई शेजारी राहायला आल्या त्याच वर्षी माझ्या आईला कळलं की शिष्टरबाईंचे उपास चाललेत. झालं! आईच्या लेखी उपास म्हणजे साबुदाणा, मग देव कुठला का असेना. शुक्रवार त्या कडक पाळायच्या, म्हणून दर शुक्रवारी कूट घातलेली, तुपानं चकाकणारी खिचडी परसातल्या भिंतीवरून पलीकडं जायला लागली. कृपाताई दोन्ही हातांनी घ्यायच्या. आणि संध्याकाळी मगरिबची अजान झाली की वाचनालयासमोर ज्यांचा फळांचा गाडा असतो ते हमीदभाई खजुराची पुडी घेऊन त्यांच्या दाराशी हजर. "लो शिष्टरबाई, खोलो रोजा." उपास दिवस बुडाल्यावर खजुरानंच सुटतो, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. कृपाताई तीही पुडी हसून घ्यायच्या. दुपारी खिचडी आणि संध्याकाळी खजूर, असं वर्षानुवर्षं चाललं.

उपासकाळाच्या पहिल्या बुधवारी त्या बीडला चर्चला जातात. सकाळच्या एसटीनं जायचं, जाताना पाली गावापाशी धरणाचं पाणी किती उतरलं ते बघायचं आणि आल्यावर ते मला सांगायचं, हा त्यांचा नेम. येताना कपाळावर राखेची खूण असते. एका वर्षी हा बुधवार शिवरात्रीच्या पाठोपाठच आला. त्या स्टँडवर उतरल्या तर बायांनी त्यांना गराडाच घातला. "महादेवाला गेल्ता व्हय शिष्टरबाई? आमाला बी लावा की अंगारा!" एक म्हातारी तर पायाच पडली. कृपाताईंनी काय करावं? "संपला गं माय," म्हणाल्या आणि घरी आल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ही राख कशाची, हे मात्र मीही विचारलं नाही. मला ते विचारणं आगाऊपणाचं वाटलं. इकडं लोक एकमेकांना पगार विचारतात, मूलबाळ का नाही विचारतात, पण तुझ्या देवाबद्दल सांग असं कुणी म्हणत नाही.

मग तीनेक वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, ते पुस्तक आलं. बीडच्या प्रदर्शनात मी मोठ्या टाइपाची पुस्तकं शोधत होते, कारण आमच्याकडं नजर अधू झालेले वाचक बरेच. हे पातळसं, पिवळट कागदाचं. मुखपृष्ठावर एक अर्धवट उघडं दार आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला. लिहिणारे कुणी शाळामास्तर. हमीदभाईंनी कापून दिलेलं कलिंगड खात मी ते एका दुपारी संपवलं.

हे गुरुजी वरून बोलत नाहीत. शेजाऱ्याला ओट्यावर बसवून, पाण्याचा तांब्या पुढं ठेवून सांगावं तसं सांगतात. जेवायच्या आधी आम्ही डोळे का मिटतो. मेलेल्या माणसाला मातीत का ठेवतो. क्रूस हे तर मारायचं साधन, मग ते आम्ही गळ्यात का घालतो. सुताराच्या घरात वाढलेला येशू ज्यांच्या पंगतीला कुणी बसत नव्हतं त्यांच्याच पंगतीला जाऊन कसा बसला. क्षमा करणं म्हणजे विसरून जाणं नव्हे, हे त्यांनी दोन भावांच्या बांधाच्या भांडणातून इतकं सरळ सांगितलंय की मला माझे दोन्ही मामा डोळ्यांसमोर दिसले. आपल्या लोकांनाही त्यांनी सोडलेलं नाही. आमच्या चर्चमध्येही जात पुढच्या बाकावर येऊन बसते, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. आणि 'तुम्हीही आमच्यात या' असं एक अक्षर पुस्तकात नाही. मी दोनदा शोधलं.

सगळं पटलं असं मुळीच नाही. पापाच्या प्रकरणाशी मी अडले. आत्ता जन्मलेलं लेकरू पापी कसं, हे माझ्या गळी उतरेना. समासात पेन्सिलीनं भलामोठा 'का?' लिहिला, तोही वाचनालयाच्या पुस्तकावर. पण पुस्तकाशी भांडावंसं वाटलं हेही किती दिवसांनी झालं होतं! मी मिटलं आणि पुन्हा उघडलं.

उपासाच्या प्रकरणाला आले आणि ताठ बसले. राख कशासाठी, तर माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. मटण-मासळी टाळायची, कमी जेवायचं, वाचेल ते भुकेल्याच्या ताटात घालायचं. अमुक धान्य चालतं, तमुक चालत नाही, असलं काही नाही. भाकरी चालते. चटणी चालते. साबुदाण्याचं तर पुस्तकभर नावही नाही. मी तशीच उठले, हात धुतले आणि शेजारी गेले.

"कृपाताई, तुम्हाला उपासाला भाकरी चालते?"

"चालती की."

"मग इतकी वर्षं तो साबुदाणा का खाल्लात?"

त्या दाणे पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. "तुजी आई तूप घालून, गरम-गरम आणायची. उपासाचं म्हणून आणायची. कावून न्हाई म्हणू? मला लई पित्त होतं साबुदाण्यानं, खरंय. एक गोळी घ्यायची अन् पडून राहायचं."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. भिंतीपलीकडं एक बाई आमच्या मायेपायी दर शुक्रवारी पित्ताची गोळी घेत होती, आणि आम्हाला वाटत होतं आपण पुण्य करतोय! घरी येऊन आईला सांगितलं. तिला काही केल्या पटेना. "साबुदाणा न्हाई तर मग उपास कसला? तुज्या पुस्तकात चुकीचं छापलं आसंल," म्हणाली आणि पुढच्या शुक्रवारचा साबुदाणा भिजत घातला.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: शेजारघरची प्रार्थना. खाली लिहिलं: इतकी वर्षं शेजारी राहून जे विचारलं नाही, ते यात आहे. अवश्य वाचा.

दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला. मला वाटलं पोरांचा चाळा. परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी परत पुसलेला, तोही ओल्या फडक्यानं, नीट. मग दुपारी नाना आले. टेबलाशी बसले, चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"मॅडम, लोकं बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"की वाचनालयातनं धरम बदलायचं काम सुरू झालंय. शिष्टरबाईनं तुमच्या डोक्यात काहीतरी भरवलं म्हणतेत."

"त्यांनी हे पुस्तक अजून बघितलंसुद्धा नाही. तुम्ही वाचलंत?"

"मला वाचायची काय गरज? नाव बघितलं की."

"नाना, मागच्या महिन्यात मी फळ्यावर शेळीपालनाच्या पुस्तकाचं नाव लिहिलं होतं. ते वाचून कुणी शेळी झालं का गावात?"

ओट्यावरची पोरं फिसकन हसली. नाना नाही हसले. "लई शाणपण करू नका. ते पुस्तक कपाटातनं काढा. न्हाई तर ईस्टर झाला की शिष्टरबाईला घर रिकामं करून द्यावं लागंल. मला गावात वाद नको."

माझी नोकरी घेतो म्हणाले असते तर मी त्यांना तिथंच सुनावलं असतं. पण त्यांनी बरोब्बर दुसरीच्या घरावर बोट ठेवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

संध्याकाळी कृपाताईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, घाबरू नको. त्या म्हणाल्या, "काढ ते पुस्तक."

"असं कसं काढू? काढलं म्हणजे तुम्ही म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट आहात, हे आपणच कबूल केल्यासारखं होईल!"

"शोभा, घर माजं जाणार हाय, तुजं न्हाई. दोन वर्सं राहिलीत रिटायर व्हायला. ह्या वयात दारोदार फिरून कुणाला म्हणू, मला ठेवून घ्या? तुजी जिद्द तुज्यापाशी ठेव."

त्यांचं खरं होतं. माझ्या जिद्दीचा भार त्यांच्या डोक्यावर पडणार होता. मी मुकाट्यानं गेले, कपाटातून पुस्तक काढलं, आणून त्यांच्या हातात दिलं. "घ्या. काढलं." दार ओढून घेतलं आणि घरी येऊन आईवर उगाच ओरडले.

सकाळी मी अंगण झाडत होते तर कृपाताई ड्यूटीच्या साडीत समोर उभ्या. हातात पुस्तक. डोळे सुजलेले. "परत ठीव कपाटात," म्हणाल्या. "ह्यात माज्या आईची प्रार्थना हाय. ताट वाढलं की म्हणायची ती. कुणी लिहून ठेवली आसंल, वाटलं नव्हतं. ही जर लपवायची, तर मग मी आईचं नाव बी कुणाला सांगू नये." पदरानं तोंड पुसलं. "घर जाऊ दे. दुसरं बघू."

इतका आनंद आणि इतकी भीती मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती. मी पुस्तक नेऊन अगदी दारासमोरच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीला ठेवलं आणि फळा लिहिला. तो पुसला गेला. परत लिहिला. हमीदभाई गाड्यावरून हे रोज बघायचे. म्हणाले, "बाई, किताब लई गरम दिसती. हात न लावताच लोकां भाजायलेत." त्यांनीच आपल्या घरावरची एक खोली कृपाताईंना देऊ केली. "ऊपर का कमरा खालीच है. जीना जरा खडा है, बस."

एका दुपारी मी जेवायला घरी गेले असताना नाना स्वतः आले आणि सगळ्यांदेखत पुस्तक काखेत मारून घेऊन गेले. परत आल्यावर मला हमीदभाईंनी सांगितलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'शेजारघरची प्रार्थना' हे पुस्तक सध्या अध्यक्षसाहेबांनी वाचायला नेले आहे. त्यांचे झाले की इतरांस मिळेल.

तो फळा कुणी पुसला नाही. हायवेवरच्या हॉटेलातली माणसंसुद्धा येऊन वाचून गेली. गाव आठ दिवस हसलं. पण हसण्यानं घर वाचत नाही. कृपाताई खोकी बांधायला लागल्या.

मग उत्तम शुक्रवार आला, येशूला क्रूसावर दिलं तो दिवस. उपकेंद्रात एक बाळंतीण अडली होती म्हणून कृपाताईंना बीडला चर्चला जाता आलं नव्हतं. बाळंतीण मोकळी करून त्या घरी आल्या आणि अर्ध्या रिकाम्या खोलीत भिंतीकडं तोंड करून प्रार्थनेला बसल्या. मी खोक्यावर बसून राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आई खिचडी देऊन गेली होती, ती झाकूनच होती.

आणि दारात अक्का. नानांची बायको. चकलांब्याची लेक, मोठ्या घरची; देवळापलीकडं कुठं पायी गेलेली मी तिला पाहिली नव्हती. डोक्यावर पदर, हातात फडक्यानं झाकलेलं ताट, आणि मागं गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया दारांत येऊन उभ्या.

"तीन वाजले का?" तिनं विचारलं.

"आत्ताच वाजले. का वो अक्का?" कृपाताई उठल्या.

"मग बसा, जेवा. आज तीनच्या आदी तुमी खात न्हाईत, म्हणून मगापासून लिंबाखाली थांबले." तिनं फडकं काढलं. नव्या ज्वारीची भाकरी, चुक्याची पातळ भाजी, जवसाची चटणी. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "साबुदाणा न्हाई आणला."

मी खोक्यावरून उठलेच. "अक्का, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच पुस्तकात हाय की. ह्यांनी आणून टाकलं चुलीपुढं. चुलीत घाल म्हणले. म्हटलं, काय घालायलेय ते आदी बघावं तरी."

"आणि मग घातलं नाहीत?"

"कावून घालू? सरपण बक्कळ हाय घरात."

तिनं पदराखालून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. पानांना पिठाची बोटं लागलेली होती. मग तिची नजर खोक्यांवर गेली. "हे कावून बांधलंय?"

मीच म्हटलं, "नानांनी घर सोडायला सांगितलंय."

"घर माज्या नावावं हाय," अक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण दारातल्या बायांना ऐकू जाईल असा होता. "माज्या माहेरच्यांनी बांधून दिलंय. माजी दोन्ही लेकरं ह्या बाईच्या हातावं झाली, तवा हिनं कोणत्या देवाचं नाव घेतलं ते ह्यांनी इचारलं न्हाई. आता ज्याला हिला काढायचं आसंल त्यानं आदी मला इचारावं. सोडा ती खोकी. अन् बसा की आता, भाकर गार व्हायली."

कृपाताई ताटावर बसल्या. डोळे मिटले, ओठ हलले. अक्काही तशीच, पदर सावरून, डोळे मिटून समोर बसली. कुठला देव आठवला तिला, मी विचारलं नाही. मी मात्र ढसाढसा रडले, आणि मला त्याची काडीचीही लाज नाही.

नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझंही काही अडत नाही. अध्यक्ष तेच आहेत. गाव असं एका ताटानं बदलत नसतं. कृपाताई रिटायर झाल्या आणि त्याच घरात आहेत. आई अजून दर शुक्रवारी भिंतीवरून साबुदाणाच देते, कृपाताई अजून दोन्ही हातांनी घेतात, आणि मी मागच्या दारानं जाऊन तो खाऊन येते. मी ख्रिस्ती झाले का? नाही झाले. सोमवार धरते, पोथी वाचते, पापाच्या प्रकरणाशी अजून भांडते. पण आता राखेच्या बुधवारी स्टँडवर कुणी अंगारा मागितला, तर ती राख कशाची ते मी तिथंच उभी राहून सांगते, आणि बाया ऐकतात. म्हणून म्हणते, ज्याच्या शेजारी दुसऱ्या देवाचं घर आहे त्यानं हे पुस्तक वाचावं. ज्याच्या शेजारी नाही, त्यानं तर आधी वाचावं.

आज सकाळी वाचनालय उघडलं. उपासाचे दिवस लागले म्हणून काल फळ्यावर परत तेच नाव लिहिलं होतं. फळा पुसलेला. ओल्या फडक्यानं, नीट. गाड्यावरून हमीदभाई बघत होते. मी खडू घेतला, नाव पहिल्यापेक्षा मोठं लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: चुलीत घालायला नेलं तरी चालेल, फक्त आधी वाचावं.